आतड्याचा कॅन्सर आणि पोटातल्या महाधमनीचा फुगा, दोन्ही एकदमच सापडले. आधी कोणतं ऑपरेशन?

गिरणगावकर | ४ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा ७२ वर्षांचे. बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. चाळीसेक वर्षं बिडी ओढली. दिवाळीपासून शौचावाटे रक्त जात होतं. मूळव्याध असेल म्हणून आम्ही कुटुंबाच्या डॉक्टरांकडून मलम आणि गोळ्या आणत राहिलो. मे महिन्यात जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.९. मग कोलोनोस्कोपी केली. डाव्या बाजूला सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या खालच्या वळणात, गाठ निघाली, बायोप्सीत कॅन्सर आला.

कॅन्सर किती पसरलाय ते बघायला सीटी स्कॅन केला. लिव्हर आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत. पण रिपोर्टच्या शेवटच्या परिच्छेदात एक ओळ होती: किडनीच्या खालच्या भागात महाधमनीचा अ‍ॅन्युरिझम, ६.१ सेंटीमीटर. बाबांना त्याचा काहीच त्रास नव्हता.

आता अडचण अशी. कॅन्सरचे सर्जन म्हणतात, एवढा मोठा फुगा असताना मी पोट उघडणार नाही, आधी त्याचं बघून या. दुसऱ्या हॉस्पिटलातले रक्तवाहिन्यांचे सर्जन म्हणतात, आतड्यात कॅन्सर असताना मी कृत्रिम नळी बसवली आणि तिला इन्फेक्शन झालं तर माणूस हातचा जाईल, आधी कॅन्सर काढा. मी फाइल घेऊन डोंबिवली ते परळ अशा पाच फेऱ्या मारल्या. दोघंही तळमळीने बोलतात, दोघांचंही पटतं. आठ दिवस गेले. बाबा रोज विचारतात, "काय ठरलं?"

कुणाच्या घरात असं झालंय का? काय केलंत?

निशिगंध | ४ जून, रात्री ११:५५

वाचून पोटात कालवलं. एक आधी सांगा, बाबांना गॅस पास होतोय ना? पोट फुगणं, उलट्या असं काही? आतडं बंद व्हायला लागलं तर सगळा हिशोब बदलतो.

गिरणगावकर | ५ जून, पहाटे ५:१०

होतोय. शौचाला बारीक होते, पण होते. उलटी नाही. कोलोनोस्कोपीची नळी गाठीच्या पलीकडे जेमतेम गेली असं रिपोर्टमध्ये आहे.

शल्यक | ५ जून, सकाळी ७:३०

मी रक्तवाहिन्यांचा सर्जन. महापालिकेच्या हॉस्पिटलात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. पेशंट न बघता इलाज सांगणं बरोबर नाही, त्यामुळे फक्त विचार कसा करतात ते सांगतो. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

दोन्ही सर्जन चुकीचं बोलत नाहीयेत. दोघंही आपापल्या बाजूची भीती सांगताहेत आणि दोन्ही भीती खऱ्या आहेत.

या जागी महाधमनी साधारण दोन सेंटीमीटर रुंद असते. तीनच्या वर गेली की तिला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. पुरुषांत साडेपाच आणि बायकांत पाच सेंटीमीटरला दुरुस्तीचा विचार सुरू होतो. सहा ते सात सेंटीमीटरचा फुगा वर्षभरात फुटण्याची शक्यता १० ते २० टक्के धरतात. फुटला तर बरेच पेशंट हॉस्पिटलपर्यंत पोचत नाहीत. शिवाय पोटाचं दुसरं मोठं ऑपरेशन झाल्यावर पुढच्या दिवसांत फुगा फुटल्याचे प्रसंग आमच्या पिढीने पाहिलेत. कॅन्सरचे सर्जन म्हणूनच हात लावायला तयार नाहीत.

आता दुसरी बाजू. जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनमध्ये पोट उघडून फुगा चिरतात आणि आत पॉलिएस्टरची नळी शिवतात. त्याच पोटात, त्याच वेळी आतडं कापलं तर आतल्या जंतूंचा त्या नळीशी संबंध येऊ शकतो. नळीवर जंतू बसले की औषधांनी ते सहसा पूर्ण जात नाहीत. नळी काढावी लागते, पायांचं रक्त काखेतून वळवून न्यावं लागतं. ते ऑपरेशन कुणाच्या वाट्याला येऊ नये.

या कोंडीतून वाट निघाली ती १९९० नंतर. ब्युनोस आयर्समध्ये हुआन परोदी यांनी मांडीच्या सांध्यातल्या धमनीतून नळी वर सरकवून फुगा आतून बंद केला. त्याला ईव्हार म्हणतात. पोट उघडावं लागत नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू ईव्हारमध्ये १.७ टक्के होते, पोट उघडून केलेल्यांत ४.७. तुमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं हे की पेशंट दोन-तीन दिवसांत घरी जातो आणि कॅन्सरचं ऑपरेशन दोन-तीन आठवड्यांत करता येतं. पोट उघडून फुगा दुरुस्त केला तर सावरायला दीड-दोन महिने जातात आणि कॅन्सर तेवढा वेळ तसाच राहतो.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: बाबांचा फुगा ईव्हारला योग्य आहे का? किडनीच्या धमन्यांखाली नळी धरून बसायला पुरेशी सरळ, निरोगी जागा लागते. तिला आम्ही नेक म्हणतो. बारीक कापांचा सीटी अँजिओ केल्याशिवाय ते कळत नाही. साधा सीटी पुरत नाही.

मधुमालती | ५ जून, सकाळी ९:०५

गिरणगावकर दादा, लिहू की नको असा विचार करत होते. तुम्हाला घाबरवायचं नाहीये, पण हे कुणीतरी सांगायला हवं.

माझ्या मामांचं असंच होतं. कॅन्सर उजव्या बाजूच्या आतड्याचा आणि फुगा साडेसहाचा. आधी कॅन्सर काढला. ऑपरेशन सुरेख झालं, चौथ्या दिवशी पेज प्यायले, आठव्या दिवशी घरी आले. अकराव्या दिवशी पहाटे पाठीत कळ आली म्हणाले. मामी बाम चोळत होती. अँब्युलन्स खाली येईपर्यंत संपलं होतं. घरातल्या कुणालाच माहीत नव्हतं की पाठीतली ती कळ म्हणजे काय. डिस्चार्ज कार्डवर फुग्याचा उल्लेख होता, एका ओळीत, इंग्रजीत. तोंडी कुणी सांगितलं नव्हतं.

जे काही कराल ते करा, पण पोटात किंवा पाठीत अचानक कळ, घाम, चक्कर असं झालं तर एक मिनिटही थांबू नका. घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, शेजारच्यांनासुद्धा.

गिरणगावकर | ५ जून, सकाळी ९:४०

मधुमालती ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आईला आत्ताच समोर बसवून सांगितलं.

चाळकरी | ५ जून, दुपारी १:१५

तुम्ही डोंबिवलीत आणि हॉस्पिटलं परळला. पाऊस तोंडावर आलाय. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी भरलं की मध्य रेल्वे बंद, आणि पूर्व द्रुतगती मार्गाचं काय होतं ते आपण जाणतो. हॉस्पिटलच्या जवळ कुणी नातेवाईक असेल तर ऑपरेशन होईपर्यंत बाबांना तिकडे हलवा.

गिरणगावकर | ५ जून, दुपारी १:५०

लालबागला काकांची खोली आहे. हे मला सुचलंच नव्हतं. आजच नेतो.

अण्णा मुलुंडकर | ५ जून, संध्याकाळी ६:३०

आमच्याकडे पोट साफ होत नसेल तर एरंडेल देतात. शौचाला बारीक होते म्हणालात म्हणून सुचवतो. सोबत एका वैद्यांचा काढा आहे, अनेकांना गुण आलाय.

शल्यक | ५ जून, संध्याकाळी ७:००

अण्णा, आपुलकीने सांगताय हे कळतं. पण इथे एरंडेल नको. वाट अरुंद झालेली असताना जोराचं रेचक दिलं तर गाठीच्या वरचं आतडं फुगून फुटू शकतं. काढ्याचंही तसंच. रक्त पातळ होणं किंवा किडनीवर ताण येणं, दोन्ही या घडीला परवडणारं नाही. शौच मऊ राहण्यासाठी काय द्यायचं ते त्यांचे डॉक्टर सांगतील.

अण्णा मुलुंडकर | ५ जून, संध्याकाळी ७:२०

समजलं डॉक्टर. सूचना मागे घेतो. गिरणगावकर, काही लागलं तर हाक मारा. मुलुंडहून रक्त द्यायला चार जण घेऊन येईन.

भूल_आणि_जाग | ६ जून, सकाळी ८:१०

मी भूलतज्ज्ञ आहे. सर्जन लोक कुठे कापायचं त्यावर चर्चा करतात, तोवर माणसाला तयार करायचं काम राहून जातं. ते आजपासून सुरू करा.

बिडी आजच बंद. उद्यापासून नाही. फुगा वाढायला आणि फुटायला तंबाखू हे सगळ्यात मोठं कारण, आणि भुलेनंतर छातीत कफ साठण्याचंही तेच. श्वासाच्या व्यायामाचा तीन बॉलचा स्पायरोमीटर केमिस्टकडे मिळतो, दर तासाला दहा वेळा ओढायला लावा. हिमोग्लोबिन ८.९ घेऊन दोन ऑपरेशनांना जाऊ नका. शिरेतून लोहाचं इंजेक्शन देतात, त्याबद्दल विचारा. टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. बीपीच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. किडनीचा रिपोर्ट जवळ ठेवा, कारण सीटी अँजिओ आणि ईव्हार दोन्हींत कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या दिसण्यासाठीचं औषध, जातं आणि ते किडनीवर येतं. बाबांचं क्रिएटिनिन किती?

ईव्हार कमरेखाली भूल देऊन, कधी कधी नुसती जागा बधिर करूनही होतं. म्हणजे लागोपाठ दोन मोठ्या भुलींची भीती थोडी कमी करा.

गिरणगावकर | ६ जून, सकाळी ८:४५

क्रिएटिनिन १.३. बाबांनी काल रात्री बिडीचं बंडल स्वतः काकांकडे दिलं. काकांनी ते स्वतःच्या बंडलासकट कचऱ्यात टाकलं.

निशिगंध | ६ जून, सकाळी ११:००

माझं मत सांगते. ज्या हॉस्पिटलात कॅन्सरचे आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन दोघंही आहेत अशाच ठिकाणी जा. तुम्ही पोस्टमन झालाय. एकाचं बोलणं दुसऱ्याला तुम्ही सांगताय आणि त्यात निम्मं हरवतंय. दोघांनी एकच सीटी एकाच पडद्यावर एकत्र बसून बघायला हवी.

शल्यक | ६ जून, सकाळी ११:३०

निशिगंध यांच्याशी शंभर टक्के सहमत. या आजारात रांग कोणती लावायची ते एकट्या माणसाने ठरवायचंच नसतं. फुगा चार-साडेचारचा असता तर कॅन्सर आधी काढून फुग्यावर नुसती नजर ठेवली असती. आतडं बंद झालं असतं किंवा फुटलं असतं तर फुगा कितीही असो, आधी आतडं. तुमचं या दोन्हींत बसत नाही म्हणून ही ओढाताण आहे.

सायली_ठाणे | ६ जून, रात्री ९:४५

खर्चाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. विमा असेल तर पॉलिसीत दोन ऑपरेशनं एकाच वर्षात बसतात का, इम्प्लांटला मर्यादा आहे का, ते आधी लेखी घ्या. सगळ्यात महाग ती नळीच असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड बरोबर न्या. वैद्यकीय समाजसेवकांनाही भेटा, ट्रस्टचे अर्ज त्यांच्याकडून जातात. लाजू नका. आम्ही लाजलो आणि सोनं गहाण टाकलं. नंतर कळलं की मदत मिळाली असती.

गिरणगावकर | १२ जून, रात्री १०:३०

अपडेट. दोन्ही विभाग असलेल्या हॉस्पिटलात गेलो. काल बैठक झाली. कॅन्सर सर्जन, रक्तवाहिन्यांचे सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि भूलतज्ज्ञ एका टेबलाशी होते. मला आणि काकांना शेवटी आत बोलावलं. पहिल्यांदाच सगळ्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं.

आधी ईव्हार, मग साधारण दोन आठवड्यांनी सिग्मॉइडचं ऑपरेशन. नेक २२ मिलिमीटर आहे, पुरेशी आहे म्हणाले.

पण एक गोष्ट मला नीट कळली नाही. ते बराच वेळ आयएमए, आयएमए असं बोलत होते. डाव्या बाजूचा कॅन्सर आहे म्हणून हे अवघड आहे, उजवीकडे असता तर सोपं होतं, असं काहीसं. शल्यक सर, सांगाल का?

शल्यक | १२ जून, रात्री ११:१५

हाच या सगळ्याचा गाभा आहे, म्हणून सावकाश लिहितो.

डाव्या आतड्याला रक्त तीन दिशांनी येतं. वरून मोठ्या एसएमए धमनीचं रक्त आतड्याच्या कडेकडेने वाहणाऱ्या धमनीतून खाली उतरतं. मधून आयएमए, म्हणजे महाधमनीतून निघून डाव्या आतड्याला जाणारी छोटी धमनी. खालून, कमरेतल्या आतल्या इलिअ‍ॅक धमन्यांमधून गुदाशयाला. या तिघांत आयएमए नेमकी फुग्यातूनच फुटते. ईव्हारची नळी आतून बसली की तिचं तोंड झाकलं जातं.

एरवी वरचे आणि खालचे रस्ते तिची जागा भरून काढतात, म्हणून बहुतेकांना काही होत नाही. पण बाबांच्या बाबतीत दोन आठवड्यांनी त्याच आतड्याचा तुकडा काढून दोन टोकं जोडायची आहेत. टाके धरायला रक्त हवं. रक्त कमी पडलं तर जोड गळतो, पोटात घाण पसरते, आणि शेजारीच नवी कोरी नळी आहे.

म्हणून ते बघत असणार की एसएमएच्या तोंडाशी चरबी साठलीय का, आणि दोन्ही आतल्या इलिअ‍ॅक मोकळ्या आहेत का. नळीचे खालचे दोन फाटे कमरेकडे नेताना त्या झाकायच्या नाहीत. उजव्या बाजूचं आतडं एसएमएवर जगतं, ईव्हार त्याला हातही लावत नाही. सोपं म्हणाले ते त्यामुळे.

यात एक दिलाशाची बाजूही आहे. सिग्मॉइडच्या कॅन्सरमध्ये आजूबाजूच्या लिम्फच्या गाठी साफ करण्यासाठी सर्जन आयएमए मुळाशी बांधतातच. म्हणजे ती कधीतरी जाणारच होती. आधी झाकली गेल्याने कडेच्या रस्त्याला रुंद व्हायला थोडे दिवस मिळतात.

परिचारिका_शुभा | १३ जून, सकाळी ६:४०

सर्जिकल आयसीयूत वीस वर्षं नर्स होते. ईव्हारनंतर दोन गोष्टी होतील, घाबरू नका पण लपवूही नका.

पहिली म्हणजे ताप. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शंभर-एकशे एक येतो, पांढऱ्या पेशी वाढतात. बऱ्याचदा शरीर नव्या नळीला प्रतिसाद देत असतं, जंतू नसतात. तरी कळवायचं, तपासणी ते करतील.

दुसरी जास्त महत्त्वाची. डाव्या बाजूला पोट दुखणं आणि रक्ताची पातळ शौच. तुमच्याकडे रक्त आधीपासूनच पडतंय, त्यामुळे "हे तर नेहमीचंच" म्हणून सोडून द्याल. सोडू नका. नेहमीपेक्षा वेगळं वाटलं तर लगेच सांगा, आतड्याला रक्त कमी पडत असेल.

गिरणगावकर | २० जून, संध्याकाळी ७:१५

ईव्हार काल झालं. अडीच तास. दोन्ही मांड्यांच्या सांध्यात छोटी भोकं. बाबा संध्याकाळी चहा मागत होते. पायांतले ठोके दर तासाला बघत होते, मीही शिकलो.

गिरणगावकर | २१ जून, रात्री २:०५

१०१ ताप. हात थरथरतायत. शुभा ताईंचा प्रतिसाद तीनदा वाचला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना उठवलं. रक्त कल्चरला पाठवलंय.

परिचारिका_शुभा | २१ जून, पहाटे ५:००

बरोबर केलंत. आता थोडं झोपा.

गिरणगावकर | २४ जून, दुपारी १२:३०

कल्चर स्वच्छ. ताप उतरला. लालबागला आणलं.

भूल_आणि_जाग | २४ जून, दुपारी १:४५

छान. एक गोष्ट कायमची लिहून ठेवा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन या गटाची अँटिबायोटिकं अ‍ॅन्युरिझमच्या पेशंटने दुसरा पर्याय असताना घेऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिलाय. आपल्याकडे जुलाब झाले की केमिस्ट हीच गोळी काढून देतो. बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. काकांनाही सांगा, मायेपोटी तेच आणून देतील.

गिरणगावकर | ४ जुलै, रात्री ११:५०

आज आतड्याचं ऑपरेशन झालं. साडेचार तास.

बाहेर धो धो पाऊस. मंडळातली सात पोरं रक्त द्यायला सकाळीच येऊन बसली होती. अण्णा मुलुंडकर खरोखर आले, चौघांना घेऊन. एवढे दिवस ज्यांना फक्त नावाने ओळखत होतो ते समोर छत्री झटकत उभे राहिले आणि मला बोलता येईना.

ॲस्पिरिन चालूच ठेवली होती. दुर्बिणीतून सुरुवात केली, मग खाली छोटा छेद घेतला. आतडं जोडण्याआधी शिरेतून हिरवा रंग सोडून खास कॅमेऱ्याने बघितलं की टोकाला रक्त पोचतंय का. पहिल्यांदा जिथे कापायचं ठरवलं होतं तिथे रंग फिका आला, म्हणून चार सेंटीमीटर आणखी वर जाऊन कापलं. तिथे झळाळून आला. मग जोडलं. जोडाच्या रक्षणासाठी पोटावर शौचाची तात्पुरती पिशवी ठेवलीय.

सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांनी स्वतःहून कागदावर चित्र काढून दाखवलं. तो कागद ठेवलाय.

मधुमालती | ५ जुलै, सकाळी ६:१५

रात्रभर धागा उघडून बसले होते. देवा.

शल्यक | ५ जुलै, सकाळी ७:४०

चार सेंटीमीटर वर जाण्याचा तो निर्णय लक्षात ठेवा. पहिली रेघ पुसून दुसरी मारायला अनुभव लागतो. आता पुढचे आठ-दहा दिवस जोडाचे.

गिरणगावकर | १८ जुलै, रात्री ९:००

जोड धरला. घरी आलो. पिशवी बदलायला आई शिकली, माझ्याआधी. पहिल्या दिवशी बाबांनी तोंड फिरवलं होतं. आई म्हणाली, "पोरांचे लंगोट बदलले, आता तुमची पिशवी." त्यानंतर ते स्वतः बघायला लागले.

पॅथॉलॉजीत लिम्फच्या १८ पैकी २ गाठींत कॅन्सर निघाला. तिसरा टप्पा. तीन महिने केमो सांगितलीय, गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी सलाईन.

गिरणगावकर | ६ ऑगस्ट, रात्री १०:१०

ईव्हारनंतरचा पहिला सीटी झाला. फुगा ६.१ चाच आहे, वाढला नाही. पण पाठीकडच्या एका बारीक धमनीतून फुग्यात थोडं रक्त उलटं येतंय, एंडोलीक, दुसरा प्रकार. घाबरायचं का?

शल्यक | ६ ऑगस्ट, रात्री १०:४५

नाही. दुसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा नुसती नजर ठेवतात, अनेकदा ते आपोआप बंद होतं. फुगा वाढायला लागला तरच हात घालायचा. असं रक्त उलटं येण्याची दुसरी नेहमीची वाट म्हणजे आयएमए. ती कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये बांधली गेली, म्हणजे ती वाट बंद आहे. पण तपासणी आयुष्यभर करायची. कॅन्सरचा फॉलोअप संपला तरी फुग्याचा संपत नाही, हे घरातल्या पुढच्या माणसालाही माहीत असू दे.

आणखी एक. तुमची आणि भावंडांची चाळिशी झाली असेल तर कोलोनोस्कोपी करून घ्या. पन्नाशीनंतर पोटाची एक सोनोग्राफी, महाधमनी मोजायची असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहून. आणि काका? तेही बिडीवालेच ना?

गिरणगावकर | २९ ऑगस्ट, रात्री ८:३०

केमोचा दुसरा फेरा झाला. बाबांच्या हातापायांना थंड लागलं की मुंग्या येतात, म्हणून फ्रिज उघडायचं काम आईचं. वजन दोन किलोने वाढलंय.

काल काकांना ओढत सोनोग्राफीला नेलं. वय ६६, कसलाही त्रास नाही. महाधमनी ३.६ सेंटीमीटर. डॉक्टरांनी बीपी सांभाळायला सांगितलंय आणि दर वर्षी मोजायची म्हणालेत. काकांनी तारीख खोलीतल्या कॅलेंडरवर लिहिली, पुढच्या वर्षीचं कॅलेंडर अजून आलं नाही म्हणून याच वर्षीच्या मागच्या पानावर.

शल्यक सर, बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.